टेक्सासचा स्टिकर कॅलिफोर्नियात चालत नाही

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. नोकरीतल्या बदलीमुळे सहा आठवड्यांपूर्वी आम्ही डॅलसजवळच्या प्लेनोहून कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला आलो. आमची एसयूव्ही २०१६ ची आहे. पुढच्या दोन्ही दारांच्या काचांना प्लेनोत ३५ टक्क्यांची, म्हणजे तेवढाच प्रकाश आत सोडणारी, सिरॅमिक फिल्म लावली होती. दुकानदाराने टेक्सासच्या कायद्यात बसते असा छोटा स्टिकरही फिल्मखाली लावून दिला होता. गेल्या आठवड्यात इथे हायवे पेट्रोलने थांबवले, मीटर लावला, २७ टक्के आकडा आला आणि फिक्स-इट टिकट हातात दिले. टेललाइटवर लावलेल्या स्मोक फिल्मचीही त्याच टिकटावर नोंद केली. गाडीवर अजून टेक्सासचीच नंबर प्लेट आहे, मग तिथला कायदा लागू नको का? पत्नीला ल्युपस आहे, ऊन सोसत नाही, म्हणूनच फिल्म लावली होती. काढायलाच हवी का? हेडलाइटमध्ये ऑनलाइन घेतलेले एलईडी बल्ब आहेत, खोक्यावर ‘डॉट अप्रूव्हड’ लिहिले आहे. त्याबद्दल पोलीस काही बोलला नाही, म्हणजे ते ठीक आहेत ना? हिवाळ्यात धुक्यातून फ्रेझ्नोला जावे लागेल, म्हणून फॉग लॅम्प लावायचा विचार आहे. मुलाला मंडळाच्या गणपती मिरवणुकीसाठी गाडीखाली निळी एलईडी पट्टी हवी आहे. आणि एक राहिलेच. आरशाला टांगलेला गणपती आणि मोगऱ्याची माळ काढा, असेही तो म्हणाला. हा खरोखरच नियम आहे का?

उत्तर

नमस्कार. फिल्म, बल्ब, पट्टी हे सगळे नंतर पाहू. आधी टिकट बाजूला काढा, कारण त्याला तारीख आहे.

कॅलिफोर्नियाच्या टिकटावर प्रत्येक नोंदीशेजारी ‘करेक्टेबल व्हायोलेशन’ असा रकाना असतो. तुमच्या दोन्ही नोंदींसमोर तिथे ‘येस’वर खूण आहे का ते पाहा. असेल तर दोष दुरुस्त करायचा, गाडी पोलिसाला दाखवून टिकटाच्या मागे सही घ्यायची, आणि ते तारखेच्या आत न्यायालयाच्या कचेरीत देऊन प्रत्येक नोंदीमागे २५ डॉलर भरायचे. तुमच्या दोन नोंदी, म्हणजे ५० डॉलर. सहीसाठी त्याच अधिकाऱ्याला शोधत बसायची गरज नाही. हायवे पेट्रोलच्या कचेरीत किंवा शहराच्या पोलीस ठाण्यात फोन करून वेळ विचारा. काही ठाणी सहीसाठी थोडे शुल्क घेतात. ‘आधी काढू, मग बघू’ म्हणत तारीख उलटली, तर काचेचा किरकोळ मामला मागे पडतो आणि हजर न राहिल्याचा वेगळा गुन्हा लागतो. तो जास्त महाग पडतो.

दुसरी गोष्ट तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात, पण टिकटाइतकीच महत्त्वाची आहे. सहा आठवडे झाले आणि गाडीवर अजून टेक्सासची प्लेट आहे. कॅलिफोर्नियात वास्तव्य सुरू झाल्यापासून गाडीची नोंदणी २० दिवसांत आणि ड्रायव्हिंग लायसन्स १० दिवसांत बदलून घ्यायचे असते. इथे नोकरी धरली की वास्तव्य सुरू झालेच. म्हणजे दोन्ही मुदती उलटून गेल्या आहेत, आणि उशिराबद्दल दंडाची रक्कम वाढत जाते. टेक्सासचे टायटल (मालकीचा कागद), ‘रेग ३४३’ हा अर्ज, गाडीचा चासी नंबर तपासल्याचा ‘रेग ३१’ हा कागद आणि इथले स्मॉग (धूर तपासणीचे) प्रमाणपत्र एवढे जमवा आणि डीएमव्हीची, म्हणजे राज्याच्या वाहन खात्याची, वेळ घ्या. स्मॉग तपासणीत काचेचा काळेपणा मोजत नाहीत. त्यामुळे ‘स्मॉग पास झाली म्हणजे फिल्मही पास’ असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका.

आता तुमचा मूळ प्रश्न. आपल्याकडे मोटार वाहन नियम देशभर एकच. पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आत यायला हवा, हा १०० क्रमांकाचा नियम मुंबईत आणि पाटण्यात सारखाच. एप्रिल २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वरून लावायच्या फिल्मवर बंदी घातली, तेव्हा ठाण्यापासून नागपूरपर्यंत लोक ब्लेड घेऊन काचा खरवडत बसले होते. अमेरिकेत तसे नाही. गाडी कारखान्यातून कशी निघावी हे केंद्र ठरवते. काचेसाठी संघीय सुरक्षा मानक क्रमांक २०५ आणि दिव्यांसाठी १०८. ती गाडी रस्त्यावर कशी चालवावी हे मात्र ज्या-त्या राज्याचे ‘व्हेईकल कोड’ ठरवते. म्हणजे कायदा प्लेट पाहून लागत नाही, चाके कुठल्या राज्याच्या रस्त्यावर आहेत ते पाहून लागतो. बाहेरच्या नोंदणीच्या गाड्यांना कुठे थोडी सूट असली, तरी ती पाहुण्यांसाठी. तुम्ही आता पाहुणे राहिला नाहीत.

टेक्सासमध्ये पुढच्या दारांच्या काचेतून फिल्मसकट २५ टक्के प्रकाश आला की पुरते. तिथे फिल्म आणि काच यांच्यामध्ये तसे लेबल लावणे कायद्यानेच सक्तीचे आहे, तोच तुमचा स्टिकर. तो खोटा नाही, दुकानदारानेही फसवलेले नाही. पण कॅलिफोर्नियाच्या कलम २६७०८ नुसार चालक आणि त्याच्या शेजारी बसणाऱ्याच्या काचेवर फक्त रंगहीन, पारदर्शक फिल्म चालते. ती फिल्म स्वतः किमान ८८ टक्के प्रकाश जाऊ देणारी हवी, आणि काच व फिल्म मिळून किमान ७० टक्के. तुमचे २७ टक्के या आकड्याच्या जवळपासही नाहीत. ‘सिरॅमिक आहे, काळी नाही’ हा बचाव इथे चालत नाही. मीटर फिल्म कशाची बनली आहे ते विचारत नाही.

हा २७ चा आकडा कुठून आला तेही समजून घ्या, कारण पुढच्या खरेदीत तोच उपयोगी पडणार आहे. कारखान्यातून आलेली दाराची काच पूर्ण पारदर्शक नसते. तिच्यात थोडी हिरवट छटा असते आणि ती साधारण ७० ते ८० टक्के प्रकाश आत सोडते. फिल्म लावली की टक्क्यांची वजाबाकी होत नाही, गुणाकार होतो. ३५ टक्क्यांची फिल्म आणि ७७ टक्क्यांची काच मिळून ०.३५ गुणिले ०.७७ म्हणजे २७ टक्के. याचा अर्थ तुमची मूळ काच ७७ टक्क्यांच्या आसपास आहे. टेक्सासमध्ये अनेक जण हीच चूक करतात. कायदा २५ म्हणतो म्हणून २५ ची फिल्म मागतात, आणि हातात येतात जेमतेम १९ टक्के.

या हिशेबात तुमच्यासाठी इथे एक खाच आहे. कोणी दुकानदार म्हणेल, ‘जुनी काढू आणि कॅलिफोर्नियाची ८८ वाली लावू.’ ०.७७ गुणिले ०.८८ केले की ६७.८ येतात. फिल्म कायदेशीर, पण काच आणि फिल्म मिळून बेकायदा! तुमच्या काचेला ७० गाठायचे तर फिल्म ९१ टक्क्यांच्या वरची लागेल. अर्थात गुणाकार हा अंदाजच. फिल्मवर छापलेला आकडा अनेकदा साध्या ३ मिलिमीटर काचेवर मोजलेला असतो, तुमच्या हिरवट काचेवर तो थोडा वेगळा येऊ शकतो. म्हणून क्रम असा ठेवा. आधी जुनी फिल्म काढा, काच आतून-बाहेरून पुसा, उघड्या काचेचे मीटरवर वाचन घ्या. मग नव्या फिल्मचा हातभर तुकडा पाण्याने काचेला चिकटवून पुन्हा मोजायला सांगा. ७१-७२ आले तरच फिल्म कापू द्या. काठावरच्या ७० वर समाधान मानू नका, मीटर-मीटरमध्ये एखाद्या टक्क्याचा फरक असतो आणि काचेवरची धूळही आकडा खाली ओढते. जो दुकानदार मोजायलाच नाही म्हणतो, त्याच्याकडून उठा.

फिल्म लावून झाली की सही केलेले प्रमाणपत्र घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. काचा या कलमात बसतात असे त्यात लिहिलेले हवे, शिवाय बसवणाऱ्या दुकानाचे आणि फिल्म बनवणाऱ्या कंपनीचे पूर्ण नाव व पत्ता. हा कागद गाडीत असणे ही कायद्याचीच अट आहे, निव्वळ शिष्टाचार नाही. फिल्मला बुडबुडे आले किंवा ती फाटली आणि नीट दिसेना, तर ती काढावी किंवा बदलावी लागते.

जुनी फिल्म घरी काढता येते. दाराची काच थोडी खाली करून वरची कड मोकळी करा. कपड्यांचा स्टीमर किंवा हेअर ड्रायर बाहेरच्या बाजूने फिरवत काच चांगली गरम करा आणि आतून एका कोपऱ्यापासून फिल्म सावकाश, बसक्या कोनात ओढा. घाईने ओढली की वरचा थर निघतो, गोंदाचा थर काचेवर राहतो आणि मग तासभर खरवडणे आले. राहिलेल्या गोंदावर साबणाचे पाणी मारून प्लॅस्टिकची पाती चालवा. दाराच्या आतल्या पॅनेलवर जुना टॉवेल अंथरा, नाहीतर पाणी खिडकीच्या बटणांत शिरते. मागच्या काचेला मात्र हात लावू नका. तिच्यावरच्या डीफ्रॉस्टरच्या (काचेवरचे दव घालवणाऱ्या) रेषा पात्याने उखडल्या की परत जोडणे कटकटीचे असते, आणि तिथली फिल्म काढायची तुम्हाला गरजही नाही.

कारण मागच्या भागाला कायदा जवळजवळ मोकळीक देतो. चालकाच्या मागच्या बाजूच्या काचांवर काळेपणाची मर्यादा नाही. गाडीला दोन्ही बाजूंना बाहेरचे आरसे असले तर मागच्या काचेवरही नाही. तुमच्या एसयूव्हीच्या मागच्या काचा कारखान्यातूनच गडद असणार, आणि तो रंग काचेच्या आतच असतो, त्यामुळे तो ‘लावलेला’ धरला जात नाही.

विंडशील्डच्या (समोरच्या काचेच्या) वरच्या रंगीत पट्टीबद्दल इथे सगळे ‘चार इंच’ म्हणतात. कलमात चार इंच कुठेच नाहीत. सीट सगळ्यात मागे आणि सगळ्यात खाली नेऊन, पाठीच्या खालच्या टोकापासून ५ इंच पुढे, न दबलेल्या गादीपासून मोजायचे. पट्टीची खालची कड तिथून किमान २९ इंच वर असली पाहिजे. शिवाय पट्टी लाल किंवा पिवळसर नारिंगी नको. उंच सीटच्या गाडीत हे चार इंचांपेक्षा कमीही भरू शकते.

आता पत्नीच्या ल्युपसबद्दल. इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. फिल्मवरचा टक्का दिसणाऱ्या प्रकाशाचा असतो, अतिनील किरणांचा नाही. काळी पण हलक्या दर्जाची फिल्म अतिनील किरण आत सोडू शकते, आणि चांगली रंगहीन फिल्म ते ९९ टक्क्यांपर्यंत अडवते. विंडशील्ड मुळातच दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा थर घालून केलेले असते, त्यातून अतिनील किरण फारसे येत नाहीत. तिथे काहीही लावू नका. खरी फट दाराच्या टेम्पर्ड (एकेरी, तापवून कडक केलेल्या) काचेत असते. अतिनील-ए किरणांपैकी बराच भाग तिथून आत येऊ शकतो, आणि हे गाडीगणिक बदलते. म्हणून पत्नीसाठी हवी ती रंगहीन अतिनील-रोधक फिल्मच, आणि कॅलिफोर्निया नेमकी तीच लावू देते. फिल्म घेताना ‘व्हीएलटी’च्या, म्हणजे दिसणाऱ्या प्रकाशाच्या, आकड्यासोबत अतिनील किरण किती अडवते तेही लेखी मागा. उष्णतेसाठी ‘टीएसईआर’ हा तिसरा आकडा पाहा, एकूण सौर ऊर्जेपैकी किती बाहेरच राहते ते तो सांगतो. सूर्याच्या ऊर्जेतला निम्म्याहून थोडा अधिक भाग इन्फ्रारेड असतो, आणि तो डोळ्यांना दिसतच नाही. रंगहीन फिल्म त्यातला काही भाग अडवते, पण गडद फिल्मइतका गारवा तिच्याकडून अपेक्षू नका.

एवढ्याने भागले नाही तर कलम २६७०८.२ मध्ये वैद्यकीय सोय आहे, पण लोकांना वाटते तशी नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर काळी फिल्म कायमची लावायला परवानगी मिळते, ही समजूत चुकीची. परवानगी आहे ती काढता-घालता येणाऱ्या पडद्याला. चौकटीत बसवलेला किंवा गुंडाळता येणारा पडदा, रंग हिरवा, राखाडी किंवा तटस्थ धुरकट, किमान ३५ टक्के प्रकाश आत सोडणारा आणि ३५ टक्क्यांहून जास्त न परावर्तित करणारा. या व्यक्तीला उन्हापासून सावली हवी, असे डॉक्टरांच्या सहीचे पत्र गाडीत ठेवायचे. आणि अंधार पडला की पडदा काढायचा, ही अट अनेक जण विसरतात. लांबच्या प्रवासात पत्नी मागच्या सीटवर बसू शकत असतील, तर तिथल्या गडद काचेवर चांगली अतिनील-रोधक फिल्म लावून घ्या. तिथे कसलेच बंधन नाही.

आता हेडलाइट. पोलीस बोलला नाही म्हणजे ते ठीक आहेत, असे नाही. दिवसाउजेडी त्याने दिवे पाहिलेच नसतील. खोक्यावरच्या ‘डॉट अप्रूव्हड’चे म्हणाल, तर अमेरिकेचे परिवहन खाते कुठलाही बल्ब किंवा दिवा मंजूर करत नाही. माल मानकात बसतो अशी हमी बनवणाराच देतो आणि ‘डॉट’ अक्षरे कोरतो. खात्याची मंजुरी ही गोष्टच अस्तित्वात नाही, त्यामुळे तसे छापणाऱ्याला एक तर नियम माहीत नाही किंवा माहीत असून तो तुम्हाला खपवतो आहे. मानक १०८ नुसार हॅलोजनसाठी बनवलेल्या हेडलाइटमध्ये हॅलोजनच बसायला हवा, त्याच्या जागी घालायचा एलईडी बल्ब त्यात बसत नाही. कारखान्यातून एलईडीसह आलेल्या हेडलाइटची गोष्ट वेगळी, तो पूर्ण संच एलईडीसाठीच घडवलेला असतो.

यात नुसते कागदी खुसपट नाही. हॅलोजन बल्बमधली तार अगदी लहान असते, एका ठरलेल्या जागी असते आणि चहूबाजूंनी प्रकाश टाकते. मागचा परावर्तक त्या जागेवर बेतलेला असतो. एलईडी बल्बमध्ये चिप पट्टीच्या दोन चपट्या बाजूंवर असतात. उगम काही मिलिमीटर इकडे-तिकडे सरकला की झोताची वरची कड विस्कटते. समोरच्याच्या डोळ्यांत प्रकाश जातो आणि तुमच्या पुढे गाडीच्या नाकाजवळचा डांबर झगझगीत होतो. आपल्याला वाटते उजेड वाढला. खरे तर डोळे जवळच्या उजेडाला सरावतात आणि दूरचे हरीण दिसत नाही. कॅलिफोर्नियाच्या कलम २६१०१ नुसार मूळ दिव्याची रचना किंवा कामगिरी बदलणारे साधन बसवलेली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. तुमचे बल्ब याच कलमात येतात आणि टेललाइटची स्मोक फिल्मही.

तेव्हा जुन्या प्रकारचे हॅलोजन बल्ब परत घाला. घालताना काचेला बोटे लावू नका, घामाचा तेलकट डाग तापून काच फुटते. बल्ब दोन्ही बाजूंना एकदमच बदला, जुना आणि नवा मिळून उजेड विषम पडतो. मग लेन्सकडे पाहा. २०१६ च्या गाडीची पॉलिकार्बोनेट लेन्स टेक्सासच्या उन्हात पिवळी पडलेली असणार, आणि अंधुक हेडलाइटचे अर्धे दुखणे तिथेच असते. ओल्या पॉलिश पेपरने आधी ८००, मग १५००, मग ३००० असे घासा, पॉलिश करा आणि वरून अतिनील-रोधक लेप द्या. हा लेप टाळला तर चकाकी काही महिन्यांत जाते आणि पुन्हा पिवळेपणा येतो, तोही आधीपेक्षा लवकर. लेन्स फारच गेली असेल तर पूर्ण हेडलाइट संच बदला. त्यावर ‘डॉट’, बल्बचा प्रकार आणि ‘व्हीओआर’ किंवा ‘व्हीओएल’ ही अक्षरे लेन्सवरच असायला हवीत.

ही शेवटची अक्षरे झोत जुळवताना लागतात. टायरमधली हवा बरोबर करा, निम्मी टाकी भरा, चालकाच्या जागी कोणाला तरी बसवा. सपाट जागी गाडी भिंतीपासून २५ फुटांवर उभी करा. दोन्ही दिव्यांच्या मध्यबिंदूंची जमिनीपासूनची उंची मोजा आणि भिंतीवर त्याच उंचीला चिकटपट्टी लावा. डिपर (खालचा झोत) लावा. ‘व्हीओआर’ असेल तर झोताची उजवीकडची वरची कड त्या पट्टीवर हवी. ‘व्हीओएल’ असेल तर डावीकडची कड पट्टीच्या साधारण २ इंच खाली. हेडलाइटच्या मागचा स्क्रू पाव-पाव फेऱ्याने फिरवा, एक दिवा झाकून दुसरा जुळवा. एवढे केलेत तर ‘उजेड कमी पडतो’ ही तक्रार एलईडीशिवायच बऱ्याच अंशी मिटते.

टेललाइटची फिल्म गरम करून ओढली की निघते. पण काळा स्प्रे मारलेला असेल तर थिनर किंवा ॲसिटोन लावू नका, मागच्या लेन्सचे ॲक्रिलिक तडकते. अशा वेळी संचच बदललेला बरा. कायद्याला टेललाइट १,००० फुटांवरून दिसायला हवा. ब्रेकलाइट ३०० फुटांवरून दिसायला हवा, तोही भर दुपारच्या उन्हात, आणि स्मोक फिल्म नेमकी दुपारी नापास होते. मागून येणाऱ्याने ठोकले तर विमा कंपनीचा माणूस आधी हीच फिल्म पाहील.

फॉग लॅम्प लावा, कॅलिफोर्नियाच्या मधल्या खोऱ्यातल्या हिवाळी धुक्यात ते कामाचे आहेत. दोनच लावायचे, रंग पांढरा ते पिवळा, उंची जमिनीपासून १२ ते ३० इंच. हेडलाइटसोबत लावायचे, त्यांच्याऐवजी नाही. २५ फुटांवर गाडीच्या मध्यरेषेच्या डावीकडचा तीव्र झोत दिव्याच्या मध्यापेक्षा ४ इंच खाली असला पाहिजे. वायर थेट बटणाला जोडू नका. ५५ वॅटचे दोन दिवे म्हणजे जवळपास ९ ॲम्पिअर, त्यासाठी रिले आणि बॅटरीजवळ १५ ॲम्पिअरचा फ्यूज हवा. छतावर लावायचा मोठा लाइटबार घेण्याचा मोह झाला, तर तो रस्त्यावर अपारदर्शक आवरणाखाली आणि बंदच ठेवावा लागतो.

चिरंजीवांच्या निळ्या पट्टीसाठी कलम २५४००. गाडीच्या बाहेर सौम्य, पसरलेला, न दिपवणारा प्रकाश चालतो. मर्यादा आहे दर चौरस इंचाला ०.०५ कँडेला (प्रकाशाच्या तीव्रतेचे एकक), दिव्याचे क्षेत्र ७२० चौरस इंचांपर्यंत. गुणाकार करून पाहा, जास्तीत जास्त ३६ कँडेला. बाजारातल्या पट्टीचा उघडा मणी एकटाच डोळ्यांत खुपतो, म्हणजे ‘पसरलेला’ ही अट तिथेच मोडते. पट्टी ॲल्युमिनियमच्या खोबणीत बसवून वर दुधी झाकण लावावे लागेल. पुढच्या बाजूला लाल दिसता कामा नये, आणि कुठल्याही मूळ दिव्यापासून १२ इंच दूर हवी. लुकलुकणारा किंवा धावणारा प्रकार रस्त्यावर चालत नाही. निळा रंग कलम नावाने नाकारत नाही, पण निळा इशारा-दिवा फक्त पोलिसांचा, आणि रात्री मागून पाहणाऱ्याला फरक कळत नाही. मुलाला केशरी किंवा पांढरी घ्यायला सांगा. मिरवणुकीला केशरी शोभतेही जास्त. घरी येताना स्विच बंद.

शेजारच्या राज्यांत जाणार असाल, तर ॲरिझोनात पुढच्या दारांच्या काचेला ३३ टक्के आणि नेवाडा व ऑरेगनमध्ये ३५ टक्के पुरतात. म्हणजे कॅलिफोर्नियात पास झालेली पुढच्या दाराची काच तिथे कुठेच अडणार नाही. पूर्वेकडे न्यूयॉर्कला मात्र सेडानच्या मागच्या दारांच्या काचांनाही ७० टक्के लागतात आणि वार्षिक तपासणीत २०१७ पासून टिंट मोजतात. तुमच्या एसयूव्हीच्या कारखान्यातून आलेल्या मागच्या काचांना तिथेही हरकत नाही.

आरशाचा गणपती. होय, नियम आहे, आणि तो त्याच कलम २६७०८ मध्ये आहे. चालकाचे समोरचे किंवा बाजूचे दिसणे अडवेल किंवा कमी करेल अशी कुठलीही वस्तू गाडीत लावून चालवता येत नाही. मोगऱ्याची माळ हलते, आणि उजवीकडे वळताना झेब्रा क्रॉसिंगवरचा माणूस बरोबर तिच्यामागे लपतो. टोलच्या ट्रान्सपाँडरसाठी (टोल आपोआप कापणाऱ्या यंत्रासाठी) समोरच्या काचेवर ठरलेली जागा आहे, वर मध्यभागी ५ इंचांचा चौकोन. स्टिकरसारख्या गोष्टींसाठी चालकाच्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यात ५ इंचांचा चौकोन, दुसऱ्या बाजूला ७ इंचांचा. आरशाला टांगलेल्या गणपतीला अशी जागा कलमात नाही. त्याला डॅशबोर्डवर मध्यभागी, काचेच्या खालच्या कडेपेक्षा उंच होणार नाही असा, दुहेरी टेपने बसवा. एअरबॅगच्या झाकणावर मात्र नको.